मुलीचे दात पुढे आहेत: तार की अलायनर? दोन डॉक्टर, दोन मतं

रंकाळावेस

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज स्वतःच्या कामासाठी धागा काढतेय.

माझी मुलगी साडेबारा वर्षांची, सातवीत आहे. वरचे पटाशीचे दात चांगलेच पुढे आलेत. ओठ मिटायला तिला जोर लावावा लागतो, झोपेत तर तोंड उघडंच राहतं. सहा वर्षांची होईपर्यंत अंगठा चोखायची, ती सवय आम्ही फार उशिरा सोडवली. दोन वर्षांपूर्वी सायकलवरून पडली तेव्हा पुढच्या एका दाताचा टवका उडाला, तो भरून घेतलाय. "वाढेल तसं बसेल जाग्यावर" म्हणत इतके दिवस ढकललं. गेल्या महिन्यात शाळेच्या सहलीचे फोटो आले. पन्हाळ्यावर तीन दरवाजापाशी सगळ्या पोरी खळखळून हसताहेत आणि ही प्रत्येक फोटोत तोंडावर हात धरून उभी. ते बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठला.

शाहूपुरीतले पहिले डॉक्टर म्हणाले, वरच्या दोन उपदाढा काढायच्या, जागा करायची आणि धातूच्या ब्रेसेस लावायच्या. दोन वर्षं लागतील, खर्च ४० हजार. राजारामपुरीतल्या दुसऱ्या ठिकाणी तोंडात छोटा कॅमेरा फिरवून स्कॅन केलं, स्क्रीनवर दात सरकत सरकत सरळ होताना दाखवले. दात काढायचा नाही, तार नाही, पारदर्शक अलायनर (दातांवर चढवायचे प्लास्टिकचे काढघालीचे साचे), १ लाख ७० हजार. लेक त्या स्क्रीनवरच भाळली.

घरात दोन तट पडलेत. सासूबाई म्हणतात देवानं दिलेले चांगले दात कशाला उपटायचे. हे म्हणतात तारच लावू, आजवर सगळ्यांनी तीच लावली. पैसे जमवता येतील, पण चुकीच्या ठिकाणी घालायचे नाहीत. ज्यांनी यातून पार पडलंय त्यांनी कृपया लिहा.

पेठेतला

ताई, आमच्या पोराला चौदाव्या वर्षी तार लावली, आता दीड वर्ष झालं. धातूचीच. पोरगं तालमीच्या टीममधनं फुटबॉल खेळतंय, त्यामुळं पहिली काळजी तीच होती. सरावात एकदा बॉल थेट तोंडावर बसला आणि खालचा ओठ आतनं ब्रॅकेटवर (तार धरायला दातावर चिकटवलेला तुकडा) असा कापला की पांढरा टी-शर्ट लाल झाला. तोवर कुणी सांगितलंच नव्हतं की तार असली की खेळताना माऊथगार्ड घालावंच लागतं. दुकानातलं गरम पाण्यात मऊ करून दातावर दाबायचं गार्ड चालत नाही बरं का. ते तारेला घट्ट बसतं आणि दात सरकतील तसं जागेवर राहत नाही. ब्रेसेसवाल्यांसाठी वेगळं, आत मोकळी जागा ठेवलेलं मिळतं. तुमची लेक कबड्डी, खो-खो काही खेळत असली तर पहिल्याच दिवशी विचारा.

दुसरं खाण्याचं. जानेवारीत पाहुण्यांच्या गुऱ्हाळावर गेलो, पोरानं ऊस सोलून दातानं तोडला, दोन ब्रॅकेट निघाले. त्याआधी एकदा भाजलेलं कणीस. एक ब्रॅकेट निघाला की त्या दाताचं काम तिथंच थांबतं, पुढची तारीख मिळेपर्यंत महिना गेला म्हणून समजा. डॉक्टरांनी दीड वर्ष सांगितलेलं, आमचं दोनच्या पुढं जाणार आणि त्यात निम्मी चूक आमच्या खाण्याची आहे. आता ऊस, कणीस, पेरू सगळं सुरीनं बारीक करून. चिक्की बंद.

रविवारी रात्री तारेचं टोक गालात रुतायला लागलं तर घाबरू नका. दवाखान्यातनं मेण देतात, त्याची ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी करून टोकावर दाबायची, सकाळपर्यंत निभतं.

निशिगंधा

मी अलायनर वापरले आहेत, वयाच्या २९ व्या वर्षी. बँकेत काउंटरवर बसते, तार नको होती. माझे खालचे दात एकमेकांवर चढलेले, वरचा एक सुळा फिरलेला. जबड्याचा काही प्रश्न नव्हता. २४ जोड्या, प्रत्येक दहा दिवस.

जमेची बाजू आधी सांगते. काढून ब्रश करता येतं, हिरड्या सुजल्या नाहीत, गाल कापले नाहीत. नवी जोडी घातली की दोन दिवस दात ठणकतात, मग विसरायला होतं. पण "दिसत नाही" हे पूर्ण खरं नाही. पकड यावी म्हणून दातांच्या रंगाचे छोटे उंचवटे काही दातांवर चिकटवतात, माझ्या नऊ दातांवर होते. दोन दातांच्या मध्ये बारीक पट्टी घासून मिलिमीटरचा काही अंश जागाही केली होती. दुखलं नाही, पण आवाज अजून आठवतो.

खरी परीक्षा शिस्तीची. दिवसाचे २२ तास घालायचे. म्हणजे खाणं, चहा, ब्रश सगळं मिळून हातात दोन तास. आपल्याकडे कुणाच्या घरी गेलं की चहा, दुकानात गेलं की चहा. अलायनर घालून चहा प्यायला तर ते पिवळे पडतात आणि गोड पाणी दाताला धरून राहतं, किडीला आमंत्रणच. प्रत्येक वेळी काढा, चूळ भरा, डबीत ठेवा. चुलतबहिणीच्या लग्नात मी डबी विसरले, जेवताना टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवले आणि वाढप्यानं पत्रावळीबरोबर उचलून नेले. डॉक्टरांनी आधीची जोडी घालायला लावली, नवी येईपर्यंत तीन आठवडे गेले.

आणि तो फिरलेला सुळा. २४ जोड्या संपल्या तेव्हा बाकी सगळं छान, सुळा मात्र स्क्रीनवर दाखवला होता तितका वळला नव्हता. पुन्हा स्कॅन, आणखी ११ जोड्या. म्हणून स्क्रीनवरचं चित्र बघून ठरवू नका, ताई. ते काय करायचंय याचं चित्र असतं, दात त्याप्रमाणे वागतीलच असं नाही.

साडेबारा वर्षांची मुलगी शाळेत २२ तास पाळेल का, हे तुम्हीच ओळखू शकता.

कागलचा माणूस

ऑनलाइन घरपोच मिळतात की अलायनर. घरीच माप घ्यायचं किट येतं. निम्म्या पैशात. कुणी घेतलेत का?

सांगलीकर डॉक

मी ऑर्थोडोंटिस्ट, म्हणजे वाकडे दात सरळ करणारा दंतवैद्य आहे, सतरा वर्षं हेच काम करतोय. रंकाळावेस ताई, मुलीला तपासल्याशिवाय तिचा उपचार मी इथे सांगणार नाही. पण ठरवायचं कसं, हे नक्की सांगू शकतो.

तुमच्या घरात तार की अलायनर यावर वाद चाललाय. ती दोन्ही अवजारं आहेत. गवंड्याला विटेचं काम करायचंय की दगडाचं, हे ठरल्याशिवाय हत्यार कोणतं घेऊ असं आपण विचारत नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत पहिला प्रश्न वेगळा आहे: वरचे दात पुढे आहेत, की खालचा जबडा मागे राहिलाय, की दोन्ही? बाहेरून तिन्ही सारखंच दिसतं. एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये वरच्या-खालच्या पहिल्या कायमच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात यावरून तीन वर्ग पाडले, ते आम्ही आजही वापरतो. खालची दाढ मागे बसत असेल तर दुसरा वर्ग. पण दाढ मागे का, हे दाताकडे बघून कळत नाही. त्यासाठी बाजूनं काढलेला डोक्याचा एक्स-रे लागतो, लॅटरल सेफ म्हणतात. शिवाय सगळ्या दातांचा एकत्र ओपीजी. हाडात अडकलेला दात, मुळांची लांबी, अक्कलदाढांचे कोंब, सगळं त्यात दिसतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न: दोन्ही ठिकाणी हे दोन एक्स-रे काढले का?

दुसरा, वय. साडेबारा वर्षांच्या मुलीचा जबडा अजून वाढत असू शकतो. ही वाढ जोरात असते तेव्हा खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी काढघालीची प्लेट काही मुलांना उपयोगी पडते. ट्विन ब्लॉक हे त्यातलं बरंच वापरलं जाणारं नाव, स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी काढलेलं. वर एक, खाली एक अशा दोन प्लेट, त्यांच्यावर उतरते ठोकळे. तोंड मिटलं की ठोकळे एकमेकांवरून घसरतात आणि खालचा जबडा पुढेच मिटतो. साधारण नऊ महिने ते वर्षभर, मग दात ओळीत आणायला ब्रेसेस. मुलींमध्ये ही संधी मुलांच्या आधी येते आणि आधी संपते. पालकांना हेही प्रामाणिकपणे सांगावं लागतं की यात जो फरक पडतो त्यातला बराचसा दात कलल्यामुळे असतो, सगळा काही जबडा वाढून येत नाही.

आता अवजारांबद्दल. दात हाडात सिमेंटनं बसवल्यासारखा घट्ट नसतो, मुळाभोवती तंतूंचं बारीक अस्तर असतं. हलका दाब सतत राहिला की दाबाच्या बाजूचं हाड झिजतं, मागच्या बाजूला नवं भरतं. महिन्याला साधारण १ मिलिमीटर. दाब तारेचा आहे की प्लास्टिकचा, हे हाडाला कळत नाही. फरक पडतो तो दाताला कुठल्या दिशेनं किती नेमकं हलवता येतं यात. दात मुळासकट सरकवायचा असेल, काढलेल्या दाताची मोठी जागा बंद करायची असेल, सुळ्यासारखा गोल दात फिरवायचा किंवा खाली ओढायचा असेल, तर तारेची पकड अजूनही सरस. थोडी गर्दी, थोड्या फटी असतील तर अलायनर उत्तम काम करतात, उघड्या चाव्याच्या, म्हणजे तोंड मिटलं तरी वरचे-खालचे पुढचे दात टेकत नाहीत अशा काही केसमध्येही मला ते आवडतात.

सिरॅमिक म्हणजे तेच काम, दाताच्या रंगाचे ब्रॅकेट. जरा ठिसूळ, काढताना जपावं लागतं. आतल्या बाजूनं लावायच्या लिंग्वल ब्रेसेस बाहेरून दिसतच नाहीत, पण जीभ घासते, बोलायला महिनाभर त्रास, खर्च बराच. रबराऐवजी झाकण असलेले सेल्फ-लायगेटिंग ब्रॅकेट "लवकर उरकतं" म्हणून खपवले जातात. एकूण कालावधीत सांगण्यासारखा फरक अभ्यासांत दिसलेला नाही. तारीख घेतल्यावर खुर्चीतला वेळ थोडा वाचतो, एवढंच.

कागलचे दादा, कळकळीनं सांगतो, घरपोच किट घेऊ नका. एक्स-रे नाही, हिरडी तपासलेली नाही, आणि दात हलायला लागल्यावर बघायला कुणी नाही. हिरडीच्या आजारात हाड झिजलेलं असताना दात सरकवले तर ते हातात येऊ शकतात. अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब ही याच धंद्यातली मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये एकाएकी बंद झाली. ज्यांचे दात अर्ध्या वाटेवर होते त्यांनी कुणाकडे जायचं?

रंकाळावेस

डॉक्टर, तुमचे किती आभार मानू. पहिल्या ठिकाणी दोन्ही एक्स-रे काढलेत, फिल्म माझ्याकडे आहे. दुसरीकडे फक्त ते स्कॅन. एक्स-रे विचारलासुद्धा नाही. हे मला तुम्ही लिहिल्यावर लक्षात आलं.

दात काढल्यावर गाल बसतात, चेहरा म्हातारा दिसतो असं सासूबाईंना कुणीतरी सांगितलंय. खरं आहे का?

सांगलीकर डॉक

एक्स-रेशिवाय योजना ठरवणाऱ्याला पैसे देऊ नका, मग अवजार कुठलंही असो.

सासूबाईंची भीती अगदीच अस्थानी नाही, पण अर्धवट आहे. काढतात त्या उपदाढा, सुळ्याच्या मागच्या. गालाला आधार त्यांचा नसतो. पुढचे दात मागे गेले की ओठ थोडे मागे येतात. ज्याचे ओठ पुढे आहेत त्याला ते शोभतं, ज्याचे आधीच सपाट आहेत त्याला नाही. आणि मूळ दोष खालचा जबडा मागे असण्याचा असेल, तर वरचे दात काढून मागे ओढणं म्हणजे बरोबर असलेली गोष्ट चुकीच्या गोष्टीशी जुळवणं. कधीकधी तेच करावं लागतं, वाढ संपलेल्या माणसात. तुमच्या मुलीची वाढ संपली का, हे त्याच सेफ फिल्ममध्ये मानेच्या मणक्यांच्या आकारावरून अंदाजता येतं. फिल्म घेऊन तिसरं मत घ्या. ज्यांच्याकडे जाल ते ऑर्थोडोंटिक्समधले एमडीएस आहेत का, हे विचारायला संकोच करू नका. बीडीएसनंतरचं ते तीन वर्षांचं वेगळं शिक्षण आहे.

खर्चाची अडचण असेल तर नवे पारगावचं तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय किंवा सांगलीतली दंत महाविद्यालयं आहेत. तिथे शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त द्यावा लागतो, पैसे कमी.

गूळपोळी

मध्येच एक. सिरॅमिक लावणार असाल तर हळदीचं बघा. माझ्या पारदर्शक रबरी कड्या पहिल्याच आठवड्यात तांबड्या रश्श्यानं आणि भडंगानं केशरी झाल्या. ब्रॅकेट तसाच राहतो, कड्या रंगतात. दर महिन्याला बदलतात म्हणा, पण मी तारखेच्या आदल्या दिवशीच मिसळ खायला लागले.

इचलकरंजीकर

धागा उशिरा बघितला, पण ज्या गोष्टीवर अजून कुणी बोललं नाही ती लिहितेच.

मला सोळाव्या वर्षी तार लागली, अठराव्या वर्षी निघाली. दात इतके सुंदर आले होते की आरसा सोडवत नव्हता. एक प्लेट दिली, "रात्री घालत जा" एवढंच सांगितलं. किती वर्षं, का, न घातल्यास काय, एक शब्द नाही. पुण्याला होस्टेलवर गेले, पहिल्याच सुट्टीत प्लेट घरी राहिली. दोन महिन्यांनी घातली तर बसेना, दुखली, मग ठेवून दिली कपाटात. चोविसाव्या वर्षी खालचे दात पुन्हा एकमेकांवर चढायला लागले. आज तेहेतीसची आहे, परत अलायनर चालू आहेत. आईबाबांनी तेव्हा सोसायटीचं कर्ज काढून तार लावली होती. ते पैसे आणि माझी दोन वर्षं, दोन्ही गेलं.

आताच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच समजावलं: तार निघते तेव्हा दाताभोवतीचे तंतू अजून जुन्या जागेकडे ओढत असतात. पहिले काही महिने रिटेनर (दात जागेवर धरणारी तीच प्लेट) जवळजवळ पूर्ण वेळ, मग रात्री, आणि रात्रीचं थांबवायचं नाही. खालच्या सहा दातांना मागून बारीक तार कायमची चिकटवतात, तीही मी लावून घेणार आहे. अक्कलदाढेनं ढकलून दात वाकडे होतात असं मी दहा वर्षं धरून चालले होते, तेही तसं नसतं म्हणे.

आणखी एक. तार निघाली तेव्हा वरच्या चार दातांवर खडूसारखे पांढरे चौकोन दिसले. ब्रॅकेटच्या कडेनं नीट घासलं नाही की तिथला चुना निघून जातो. ते डाग पुसट झाले, पण गेले नाहीत. ताई, तार लावायच्या आधी मुलीला तारेखालून फिरणारा बारीक ब्रश वापरायला शिकवा, फ्लोराइडची पेस्ट घ्या, आणि पहिले तीन महिने रात्री स्वतः उभ्या राहून बघा. माझ्या आईला हे कुणी सांगितलं असतं तर ती रोज उभी राहिली असती.

पेठेतला

ताई, हे वाचून पोराला आत्ताच बोलावून वाचायला दिलं.

रंकाळावेस

चार महिन्यांनी धागा वर काढतेय. ज्यांनी एवढं मनापासून लिहिलं त्यांना पुढचं सांगायलाच हवं.

फिल्म घेऊन तिसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती उजेडावर धरली, तिच्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीनं रेघा ओढल्या आणि मला खुर्ची जवळ घ्यायला सांगितली. वरचा जबडा जागेवर, खालचा मागे. पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये ९ मिलिमीटर अंतर, असायला हवं २-३. मग मानेचे मणके दाखवले. मुलीला पाळी कधी सुरू झाली, वर्षभरात उंची किती वाढली, बुटाचा नंबर कधी बदलला, असं सगळं विचारलं. वाढ चालू आहे, पण फार दिवस हातात नाहीत म्हणाले. ट्विन ब्लॉक ठरला. "जबडा वाढवून देतो असं वचन देत नाही, प्रयत्नाला ही योग्य वेळ आहे," हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, तेव्हाच मन निश्चिंत झालं. नंतर ब्रेसेस, दात काढायचे की नाही ते त्या वेळी.

पहिला आठवडा कठीण गेला. लाळ गळायची, "स" आणि "श" काही केल्या जमेना, आणि नेमकी त्याच आठवड्यात वर्गात कविता म्हणायची होती. मी म्हटलं बाईंना चिठ्ठी देते, त्या दिवशी काढून ठेव. तर ही रोज रात्री आरशासमोर प्लेट घालून मोठ्यानं वर्तमानपत्र वाचायला लागली. पाचव्या-सहाव्या दिवशी "स" सुटला. जेवतानाही घालून ठेवायची सवय दोन आठवड्यांत झाली, फक्त भाकरी अजून दुधात कुस्करून खाते. रोज रात्री प्लेट साध्या पाण्याखाली वेगळ्या ब्रशनं घासते. गरम पाण्यात एकदा मीच धुणार होते, डॉक्टरांनी वेळेवर सांगितलं, वाकडी होते.

परवा माप घेतलं: ६ मिलिमीटर. ओठ जोर न लावता मिटतात. सासूबाईंनीच आधी ओळखलं. दुपारी ही झोपली होती, त्यांनी मला हाताला धरून खोलीत नेलं आणि नुसतं बोट दाखवलं. तोंड मिटलेलं होतं.

आता डॉक्टर, एक विचारायचंय. पुढच्या ब्रेसेससाठी मी सिरॅमिकचे पैसे बाजूला काढत होते, दिसायला बरं म्हणून. लेक म्हणते धातूच्याच हव्यात, वर्गातल्या मैत्रिणीसारख्या, निळ्या रबरांच्या. तिच्या बाबतीत त्यात काही तोटा नसेल ना?

सांगलीकर डॉक

काही तोटा नाही. निळी रबरं हळदीनं हिरवट होतात, तेवढं तिला आधीच सांगून ठेवा.